झाबोत्कोच्या आत्म्यास शांती लाभो

देवाच्या दरबारात माणसाला फक्त त्याचं नाव पुरतं. आडनाव, हुद्दा, घर नंबर हे सगळं इथेच मातीत राहतं. फादर युखिम हे वाक्य दर रविवारी म्हणत आणि म्हणताना डोळे मिटत. मोत्र्या साव्हिव्ना एकतीस वर्षं तिखी स्ताव गावची पोस्टमास्तरीण होती, आणि तिच्या अनुभवात अपुऱ्या पत्त्याचं एकही पाकीट वेळेवर पोचलेलं नव्हतं. काही अजून पोचायची होती.

म्हणून तिने चिठ्ठीवर सगळं लिहिलं.

चर्चमध्ये चिठ्ठ्या दोन प्रकारच्या. लाल क्रूसाची जिवंतांसाठी, तब्येत बरी राहावी म्हणून. काळ्या क्रूसाची मेलेल्यांसाठी, आत्म्याला शांती मिळावी म्हणून. मेणबत्त्यांच्या खिडकीशी नावं लिहून द्यायची, आत फादर ती एका दमात वाचून टाकत. सगळे नुसतं नाव लिहीत. मोत्र्याच्या पहिल्या काळ्या चिठ्ठीवर दोन नावं होती. पहिलं पानास, तिचा नवरा. दुसरं 'ग्लेब अर्कादियेविच झाबोत्को, कॅप्टन', खाली तुकडीचा क्रमांक, शहर, रस्ता, घर सतरा, फ्लॅट चार आणि पिनकोड.

पानास मेला होता. ग्लेब अर्कादियेविच मेला नव्हता. मुद्दा तोच होता.

जिवंत माणसाचं नाव काळ्या चिठ्ठीवर घातलं की तो खंगत जातो, हे तिखी स्तावमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही आणि माहीत नाही असा माणूस सापडत नाही. मोत्र्याच्या आजीने सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाला असाच सात महिन्यांत घालवला होता. निदान आजीचं म्हणणं तसं होतं. डॉक्टरांनी दारूचं नाव घेतलं होतं, पण डॉक्टर परगावचे.

बावीस सालच्या मार्चमध्ये रशियन आले, तेव्हा कॅप्टनने गावातलं मोत्र्याचं घर पसंत केलं, कारण तिथली चूल चांगली ओढत होती. तो पलंगावर झोपला. मोत्र्या आणि पानास तळघरात, बटाट्यांशेजारी. पहिल्याच दिवशी त्याने दोघांना उभं करून सांगितलं, की आपण एकमेकांशी सभ्यपणे वागू, मला वडिलांच्या नावासकट हाक मारायची. त्यामुळे सत्तावीस दिवस मोत्र्या म्हणत राहिली, "ग्लेब अर्कादियेविच, चहा गार होतोय." "ग्लेब अर्कादियेविच, बूट काढता का, आत्ताच पुसलंय."

एकोणिसाव्या दिवशी पानासच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. पानासने छपराच्या फुटलेल्या पत्र्यांचा फोटो काढला होता, नंतर भरपाई मागता यावी म्हणून. पत्र्यांच्या मागे दोन रणगाडे आले होते. कॅप्टन त्याला माशांच्या तळ्याच्या बांधाकडे घेऊन गेला. दहा मिनिटांनी एकटाच परतला, हात धुतले, टॉवेल नीट घडी करून ठेवला आणि विचारलं, सूप उरलंय का.

"मोत्र्या साव्हिव्ना," जेवता जेवता तो म्हणाला, "युद्ध आहे. माझ्या मनात तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नाही."

मोत्र्याच्या मनात मात्र त्या क्षणापासून वैयक्तिकाशिवाय काही उरलं नाही.

चोविसाव्या दिवशी त्याने तिच्याच टेबलावर बसून बायकोला पत्र लिहिलं. मोत्र्या पलीकडे कणीक मळत होती. पाकिटावरचा पत्ता तिने उलटा वाचला, एकदाच. एकतीस वर्षांची नजर. एकदा पाहिलं की डोक्यात शिक्का बसायचा. तीस मार्चला ते सगळे निघून गेले. एप्रिलमध्ये सरकारी वकील आला, त्याने बांध पाहिला, पत्ता लिहून घेतला, दाव्याला क्रमांक दिला. क्रमांक सहा आकडी होता. मोत्र्याने तो पाहिला आणि त्याच रविवारी काळी चिठ्ठी मागितली.

"मोत्रे, हे काय बाड लिहिलंयस?" खिडकीतल्या पेलाहियाने चष्मा कपाळावर चढवला. पेलाहिया आणि मोत्र्या एका बाकावर शिकलेल्या. एकमेकींचं चांगलं चाललेलं दोघींनाही बघवत नसे. "फ्लॅट चार? देवाला जिने चढायला लावतेस?"

"दुसऱ्या ग्लेबला जायला नको."

"अगं, पिनकोड काढ. उद्या कुणी म्हणेल तू रशियात पत्रव्यवहार करतेस." मग आवाज खाली करून, "आणि जिवंत आहे ना मेला? जिवंताला इकडे घातलं तर आयुष्य वाढतं त्याचं. माझी मावशी म्हणायची."

"खंगतो."

"वाढतं."

"तुझ्या मावशीने कुणाला मारलंय का आयुष्यात?"

"नाही."

"मग तिला काय कळतंय? माझ्या आजीने अध्यक्ष मारलाय."

एवढा पुरावा पुढे आल्यावर पेलाहियाने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. पण पिनकोड, बाकी पत्ता, तुकडी आणि 'कॅप्टन' मोत्र्याने काढून टाकलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव राहिलं. वर्षभराने फादर युखिम रोज रोज त्याच चिठ्ठ्या वाचून कंटाळले आणि त्यांनी कायमची स्मरणवही केली. त्यात पानासच्या खाली सुबक अक्षरात झाबोत्को आला. आडनाव इकडचंच वाटत होतं. बहुधा त्याचा आजा इकडचाच असावा, आणि या गोष्टीचाही मोत्र्याला राग होता.

चोवीस सालच्या जानेवारीत गावाला पश्चिमेकडचं एक भागीदार शहर मिळालं. ओस्टरमोंड नाव. शहर चांगलं होतं. आधी एक आगीचा बंब पाठवला, मग शाळेला जनरेटर. दोन्ही चालत होते, त्यामुळे गावाचा विश्वास बसला. मग शहराने विचारलं, आणखी काय हवं? सरपंच ओस्तापने सभा घेतली. गावाने एकमताने लिहून दिलं: ड्रोन पाडायचं यंत्र, ते नसेल तर तोफेचे गोळे, तेही नसतील तर निदान रिकामी तोफ, गोळ्यांचं आम्ही बघतो. उत्तर आलं की हे विषय राजधानीच्या अखत्यारीत येतात आणि राजधानीत त्यावर गांभीर्याने विचार चालू आहे; शहराकडे सध्या 'स्मृती आणि सावरणं' या शीर्षकाखाली एक दगड मंजूर आहे.

फेब्रुवारीत पाहणीसाठी उपमहापौर आल्या. लीस्बेट ओव्हरवाटर. उंच बाई, पायांत चिखलाचे बूट, प्रत्येकाशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन. बोहदाना नावाची जिल्ह्यातली मुलगी दुभाषी म्हणून सोबत. शाळेच्या सभागृहात बाई बोलल्या, की युरोपची सुरक्षितता याच गावाच्या बांधावर राखली जात आहे आणि आम्ही तुमच्यासोबत आहोत, जोपर्यंत लागेल तोपर्यंत.

मोत्र्याने हात वर केला.

"बाईंना विचार, त्यांनी ज्या तोफा दिल्यात, त्या किती लांब मारतात?"

बोहदानाने विचारलं. बाईंनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. "चाळीस किलोमीटर, साधारण."

"मला एकशे दहा लागतात." पाकिटावरच्या शहरापर्यंतचं अंतर तिने नकाशावर मोजून ठेवलं होतं.

"मोत्र्यामावशी, बसा," सरपंच म्हणाला.

"तू बस. एकशे दहावाली आहे का, विचार."

"आहे," बोहदाना म्हणाली. "पण ती सीमेपलीकडे मारायची नाही, अशी अट आहे."

"मग ती कुठे मारायची?"

"अलीकडे."

"अलीकडे तर आम्ही राहतो."

सभागृह हसलं. बाईंनी भाषांतर होईपर्यंत वाट पाहिली, मग त्याही थोडं हसल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, तुमच्या वेदना मी समजू शकते. मोत्र्याने बोहदानाला सांगितलं, "बाईंना म्हणावं, समजून घेऊ नका, अंतर वाढवा." हे बोहदानाने भाषांतरित केलं नाही. तिला नोकरी टिकवायची होती.

दगडासाठी नावांची यादी बोहदानानेच केली. बावीसच्या मार्चमध्ये गावात अकरा माणसं मारली गेली होती. सात गावची, चार मोटारींतून पळून जाणारी, जी रस्त्यावरच गोळ्यांखाली आली. त्या चारांपैकी निळ्या गाडीतल्या एकाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. त्याला चर्चमागे नुसत्या क्रूसाखाली पुरलं होतं. ओस्टरमोंडच्या फॉर्मवर अकरा रकाने होते आणि प्रत्येकात पूर्ण नाव सक्तीचं होतं. बोहदानाने फादरांकडून स्मरणवही घेतली. वहीत नुसते इव्हान आणि नुसत्या हाल्या यांची गर्दी. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी शिस्त एकाच ठिकाणी होती. सहा गावकरी, पानास, तीन मोटारवाले. आणि झाबोत्को.

"अकरावा सापडला!" ती फादरांना म्हणाली. फादरांनी क्रूसाची खूण केली. मोत्र्या त्या दिवशी दात काढायला जिल्ह्याला गेली होती.

दगड मे महिन्यात उभा राहिला, ईस्टरनंतरच्या त्या रविवारी, जेव्हा सगळं गाव कबरींवर जेवायला जातं. काळा, गुळगुळीत, माणसाच्या खांद्याइतका. ओस्टरमोंडचं शिष्टमंडळ पुन्हा आलं होतं. चादर ओढली गेली. मोत्र्याने पानासचं नाव शोधलं, ते सापडलं, आणि नजर जराशी घसरली.

आधी तिला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून दिसतंय. तिने डोळे पुसले. मग ते आणखी स्वच्छ दिसलं.

लीस्बेटबाई कागदावरून नावं वाचू लागल्या. पानास ओमेल्यानोविचचा त्यांनी पार चुराडा केला. ग्लेब अर्कादियेविच झाबोत्को मात्र न अडखळता, स्पष्ट, भरल्या आवाजात वाचलं. फादरांनी धूप फिरवला. चारशे माणसांनी माना खाली घातल्या. उपमहापौरांनी घातली, सोबतच्या गृहस्थांनी घातली, जिल्ह्याच्या कर्नलने टोपी काढली.

"मोत्रे," पेलाहिया शेजारून ओठ न हलवता म्हणाली, "तो तुझाच ना गं?"

मोत्र्याचं तोंड ओरडण्यासाठी उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं, कारण तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो तिला फार आवडला. आजवर तिची एकटीची चिठ्ठी होती, कागदाची. आता दगड होता. त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी सगळं गाव, एक कर्नल आणि अख्खी युरोपीय शिष्टाई एका वेळी उभी होती. एवढा जोर लागल्यावर अध्यक्ष सात महिने कशाला टिकला असता? सात दिवसांत गेला असता.

"गप," ती म्हणाली. "मान खाली घाल. नीट घाल."

पेलाहियाने घातली.

पण सुडाचं काम गुपचूप करायचं म्हणजे त्याचे त्रास असतात. गावाला वाटलं, झाबोत्को हाच निळ्या गाडीतला बिचारा. मागे कुणी नाही त्याचं. त्या दिवशी लोकांनी दगडाशी रंगवलेली अंडी ठेवली, गोड पाव ठेवला, कुणीतरी छोटा ग्लास भरून ठेवला. आणि बेवारस म्हणून त्याच्या नावासमोर जरा जास्तच. संध्याकाळी मोत्र्या गेली. तिने त्याच्यासमोरची अंडी उचलून पानाससमोर ठेवली. ग्लास स्वतः प्यायली. मग आजूबाजूला बघून त्याच्या नावावर थुंकली, नेमकी, आडनावावर. नेमक्या त्याच वेळी मागून फादर आले, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने ती ते पुसताना त्यांना दिसली.

"मोत्र्याबाई," फादर हळव्या आवाजात म्हणाले, "त्याचंही नाव तुम्हीच देत होता. दोन वर्षं. माझ्या आत्ता लक्षात आलं. ओळखत होता त्याला?"

"आमच्याकडे राहायला होता," मोत्र्या म्हणाली. खोटं बोलायचं नाही, हे तिने पोस्टातही पाळलं होतं.

"राहायला! रणगाडे दारात असताना?"

"सत्तावीस दिवस."

"जेवायला घालत होता?"

"घालावंच लागत होतं, फादर."

फादरांचे डोळे भरले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं, की या गावात एका बाईने स्वतःचा जीव धोक्यात घालून एका निर्वासिताला आसरा दिला, आणि नवरा व पाहुणा दोघेही गमावले. गाव तिच्याकडे वळून पाहू लागलं. सरपंचाने पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं. बोहदानाने हे ओस्टरमोंडला कळवलं. ओस्टरमोंडच्या पत्रिकेत मोत्र्याचा फोटो आला, खाली ओळ: 'माणुसकी जिंकते.'

पत्रिका हातात घेऊन पेलाहिया घरी आली. हसून हसून तिला खुर्ची लागली.

"आता म्हातारपणी संत होतेस की काय मोत्रे! कॅप्टनची आई म्हणून तुझाच पुतळा बसवतील."

"बसवू देत. तो मरू दे फक्त."

"आणि नाही मेला तर?"

मोत्र्याने या शक्यतेचा विचार केला नव्हता. चर्चमध्ये हजेरी होती, दगड होता, धूप होता.

जूनमध्ये बोहदाना धावत आली. पाहुण्याचे नातेवाईक शोधावेत, त्यांना बोलवावं, असं ओस्टरमोंडने सुचवलं होतं, म्हणून तिने संगणकावर नाव टाकलं होतं. पूर्ण नाव असल्यामुळे लगेच सापडलं. चर्चच्या ओट्यावर सरपंच, फादर, पेलाहिया आणि मोत्र्या बसले होते. बोहदानाने फोन मधे ठेवला.

फोटोत ग्लेब अर्कादियेविच होता. गाल वर आले होते. छातीवर पदक, खाली बातमी: छावणीच्या हिवाळी क्रीडा महोत्सवात, चाळिशीवरील गटात, पाच किलोमीटर बर्फावरून घसरण्याच्या शर्यतीत मेजर झाबोत्को दुसरे.

"मेजर," सरपंच म्हणाला.

"मी सांगितलं होतं," पेलाहिया म्हणाली. "आयुष्य वाढतं. बैलासारखा झालाय बघ. दोन वर्षं शांती लाभतेय मेल्याला!"

मोत्र्याने मग सगळं सांगितलं. बांध, टॉवेल, सूप, पाकीट, चिठ्ठी. आवाज न चढवता, मनीऑर्डर कशी भरायची हे सांगावं तसं. फादरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या आवाजात त्या माणसाला स्वर्गात धाडण्याची तजवीज केली होती.

"उद्या छिन्नी आणतो," सरपंच उठला. "खरवडून टाकू."

"हात लावायचा नाही," मोत्र्या म्हणाली.

"मोत्र्यामावशी, तिथे निळ्या गाडीतला माणूस हवा होता. त्याची जागा आहे ती."

हे मोत्र्याला लागलं. त्या माणसाशी तिचं काही भांडण नव्हतं.

"त्याला बाजूने जागा आहे. त्याचं खाली लिहू, 'निळ्या गाडीतला', आपल्या हाताने," ती म्हणाली. "पण झाबोत्को राहील. दगडावर चूक आहे ना? मग चूक दुरुस्त करा, पण कुठल्या बाजूने करायची ते गाव ठरवेल. बोहदाना, घे कागद."

बोहदानाने घेतला. मोत्र्याने पत्र सांगितलं, आणि या वेळी भाषांतर करताना बोहदानाने एक शब्द गाळला नाही.

'मान्यवर लीस्बेटबाई. बंब चालतो, जनरेटर चालतो, आम्ही आभारी आहोत. दगडावर एक चूक राहिली आहे. अकरा मेलेल्यांत एक जिवंत आहे, आणि उरलेल्यांपैकी एकाला त्याने स्वतः मारलं आहे. सोबत त्याचा पत्ता, घर सतरा, फ्लॅट चार. दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही नाव काढा. दोन, तुमच्या राजधानीला सांगून अंतर वाढवा, म्हणजे नाव बरोबर ठरेल. दगड महागाचा दिसतो, खराब करणं जिवावर येतं. गावाची पसंती दुसऱ्या मार्गाला आहे.'

सरपंचाने शिक्का मारला. फादरांना सही करायची का, असं कुणी विचारलं नाही. त्यांनी स्वतःच पेन मागून घेतलं. पेलाहियाने सही करताना विचारलं, "आणि चिठ्ठी? आता ती तरी लाल घाल."

"म्हणजे?"

"काळीने वाढतं, तर लालने खंगेल."

मोत्र्याने विचार केला. त्यात तर्क होता. पण ग्लेब अर्कादियेविचच्या उत्तम आरोग्यासाठी स्वतःच्या हाताने लिहायचं, हे तिला जमेना. शेवटी ती चिठ्ठी पेलाहियानेच लिहिली, आणि नाव वाचताना फादरांना जोराचा खोकला आला.

ओस्टरमोंडहून पाच आठवड्यांनी उत्तर आलं. उपमहापौरांना धक्का बसला होता. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते खरं असावं, कारण खाली त्यांनी हाताने दोन ओळी जोडल्या होत्या: पत्र मी आमच्या राजधानीत तीन ठिकाणी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी ते नोंदवून घेतलं. गांभीर्याने विचार चालू आहे.

मोत्र्याने पत्र पानासच्या फोटोमागे ठेवलं आणि वाट बघू लागली. वाट बघण्याची तिला सवय होती. रोज सकाळी ती तळ्याकडून दगडाकडे जायची, पानासवरची धूळ पुसायची, खालच्या नावावरची तशीच ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "ग्लेब अर्कादियेविच, चहा गार होतोय." दर सोमवारी बोहदानाला फोन करून विचारायची, अंतर वाढलं का? नाही, मावशी. मेला का? नाही, मावशी.

नोव्हेंबरात परवानगी आली. सीमेपलीकडे, तीनशे किलोमीटरपर्यंत.

झाबोत्कोची ऑगस्टमध्येच व्लादिवोस्तोकला बदली झाली होती.